वह्या कधीपर्यंत जपायच्या, ती तारीख पावतीवरच छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माझा फोन वाजू लागतो. "ताई, जुनं सगळं काढून टाकू का?" मार्च संपला की पुन्हा तोच प्रश्न. मी बडोद्यात बाबाजीपुऱ्यात राहते आणि गेली एकतीस वर्षं घरी बसून लोकांची नामां लिहिते. नामां म्हणजे जमाखर्च. आम्हा बडोदेकरांच्या मराठीत हा गुजराती शब्द इतका मुरला आहे की 'हिशेब लिहिते' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, दुधाचा आणि धोब्याचा लिहीत असेन. सध्या अकरा जणांचं काम आहे: आठ दुकानदार, एक केटरर, एक दंतवैद्य आणि मकरपुरा जीआयडीसीतली (औद्योगिक वसाहतीतली) एक प्रायव्हेट लिमिटेड. लाल कापडाचा चोपडा आता एकाकडेही नाही. लक्ष्मीपूजनाला पाटावर लॅपटॉप मांडतात आणि त्याच्या झाकणावर कुंकवाने स्वस्तिक काढतात. पूजेला माझी हरकत नाही. पूजा आटोपल्यावर तो लॅपटॉप आणि त्याचा बॅकअप कुठे जातो, याबद्दल मात्र मला लिहायचं आहे.

ऑगस्ट 2024 चा शेवटचा आठवडा बडोद्यात कोणी विसरणार नाही. वरून पाऊस, मागून आजवा तलावाचं पाणी, आणि विश्वामित्री नदी 35 फुटांच्याही वर. सोसायट्यांत शिरलेल्या मगरींचे फोटो सगळ्यांनी पाहिले. शहरातल्या अकोटा भागातल्या माझ्या एका ग्राहकाच्या दुकानात दोन दिवस छातीइतकं पाणी उभं होतं. ते पंपांचे सुटे भाग विकतात. धातूचा माल, धुऊन-पुसून बराचसा खपला. कॉम्प्युटर टेबलाखाली जमिनीवर होता. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात. मी त्यांना चार वर्षं सांगत आले होते, "काका, रोज बॅकअप घ्या." आणि काका रोज घेत होते, अगदी इमानाने, दुकान वाढवण्याआधी. डिस्क घरी न्या, हे मी कधी सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी.

कागदी बिलांच्या फायली पाण्यात पावासारख्या फुगल्या. गच्चीवर वाळत घातल्या तर पानं एकमेकांना सोडेनात. डिस्क अहमदाबादला डेटा काढून देणाऱ्याकडे पाठवली. तीन आठवड्यांनी जशी गेली तशी परत आली.

जीएसटी नियमांतला नियम 57 सांगतो की इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप असा ठेवायचा, की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत माहिती पुन्हा उभी करता यावी. मी हा नियम किती वेळा वाचला असेन. 'नैसर्गिक कारण' वाचलं की मला 2001 चा भूकंप आठवायचा. टेबलाचा खालचा खण कधी डोळ्यांपुढे आला नाही.

दिवाळी उरकली आणि नोव्हेंबरात काकांना नोटीस आली, 2020-21 सालची. त्या वर्षाच्या साध्या प्रकरणांत नोटीस काढायची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती, त्यामुळे माझ्या अकरांपैकी तिघांना आल्या. बाकी दोघांचं काम चार दिवसांत झालं. काकांच्या नोटिशीत 41 खरेदी बिलांची यादी होती: यांवर तुम्ही टॅक्स क्रेडिट घेतलंय, म्हणजे खरेदीवर दिलेला टॅक्स भरायच्या टॅक्समधून वजा केलाय, तर बिलं दाखवा. जीएसटी कायदा इथे सरळ आहे. कलम 16 म्हणतं, क्रेडिट घ्यायचं तर बिल तुमच्या ताब्यात हवं. कलम 155 म्हणतं, क्रेडिट मिळायला आपण पात्र आहोत हे सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर. अधिकाऱ्यांनी पुराची हकिकत शांतपणे ऐकून घेतली. त्यांच्या स्वतःच्या घरातही पाणी शिरलं होतं. पण बिलं हवीत, म्हणाले, आणि ते काही चुकीचं बोलत नव्हते.

मग मी फोन लावत बसले. राजकोटच्या एका कारखान्याने तासाभरात नऊ बिलं ईमेलने पाठवली, डिजिटल सहीसकट. कोइम्बतूरच्या बाईंना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. बिल नंबर वाचून दाखवत दोघींनी निभावलं, तिसऱ्या दिवशी चौदा आली. असं करत 33 झाली. उरलेल्या आठांत तिघा जणांची दुकानं कोविडात कायमची बंद झालेली, एकाचे वारस भांडताहेत. दोन बिलं काकांच्या मुलाच्या जुन्या व्हॉट्सॲपमध्ये सापडली खरी, पण फोटो काढताना वरचा भाग कापला गेलेला आणि नेमका जीएसटी क्रमांकच गायब. त्या आठ बिलांचं 74,360 रुपयांचं क्रेडिट 18 टक्के व्याजासकट परत भरलं. नोटीस निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत भरलं म्हणून दंड तरी वाचला. माल खरा, बिलं खरी, पैसे बँकेतून गेलेले, टॅक्सही तेव्हाच दिलेला. तोच दुसऱ्यांदा भरला.

या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त ऐकवलं गेलेलं वाक्य म्हणजे, "पण पोर्टलवर असतंच की सगळं!" नसतं. जीएसटीच्या पोर्टलवर तुमची विवरणपत्रं असतात, विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांचे नंबर आणि रकमा असतात. बिल नसतं. आणि विवरणपत्रंही कायमची राहतील असं कोणी कबूल केलेलं नाही. पोर्टल चालवणाऱ्या जीएसटी नेटवर्कचं धोरण डेटा सात वर्षं ठेवायचं आहे. 1 ऑगस्ट 2024 ला जुलै 2017 ची विवरणपत्रं पोर्टलवरून काढली, 1 सप्टेंबरला ऑगस्ट 2017 ची. व्यापाऱ्यांनी ओरड केली तेव्हा परत ठेवली. 1 सप्टेंबरला आम्ही बडोदेकर घरातला चिखल उपसत होतो. पोर्टलवरून काय गेलं ते बघायला कोणाला सवड होती? तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाची सगळी विवरणपत्रं उतरवून वर्षवार फोल्डरात ठेवली. दोन रविवार गेले.

ईमेलने आलेलं बिल छापून फायलीला लावायचं आणि ईमेल पुसून टाकायची, अशी सवय असलेले माझे तीन ग्राहक होते. जागा होते म्हणे. माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायदा 2000 चं कलम 7 इलेक्ट्रॉनिक रूपात जपणूक मान्य करतं, पण अटींवर: ती माहिती पुढे वापरता आली पाहिजे, ज्या रूपात ती तयार झाली, गेली किंवा आली त्याच रूपात, किंवा ती जशीच्या तशी दाखवता येईल अशा रूपात ठेवली पाहिजे, आणि कुठून आली, कुठे गेली, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे कळलं पाहिजे. छापील कागदावर यातलं शेवटचं उरतच नाही. 'पुढे वापरता आली पाहिजे' याचा अर्थ मला दंतवैद्यांनी शिकवला. त्यांचं जुनं बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणारा माणूस धंदा सोडून गेला. डेटा सुखरूप आहे, लायसन्स संपलंय, स्क्रीनवर एक चौकोन येतो आणि पुढे काही नाही. आता सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर आधी जुन्याचे सगळे लेजर पीडीएफ आणि एक्सेल दोन्हींत काढून घेतल्याशिवाय मी हात लावू देत नाही.

पासवर्डचंही तसंच. अधिकाऱ्याने मागितलं तर फाइलींचा तपशील, पासवर्ड आणि वापरलेल्या सांकेतिक खुणांचा अर्थ द्यावा लागतो, हेही नियम 57 मध्येच आहे. केटररकडे आधीच्या मेहताजींनी (हिशेबनिसांनी) नोंदींत 'भ.', 'प.भ.', 'बाकी भ.' अशा खुणा लिहून ठेवल्यात. मेहताजी मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेले. 'भ.' म्हणजे भाजी की भट्टी, ते विचारायला व्हिडिओ कॉल करावा लागला. भांडी निघाली.

आता थोडं नाजूक बोलते. "ताई, एडिट लॉग नसलेलं जुनं व्हर्जन घालून द्या ना." हे मला वर्षातून चारदा तरी कोणी म्हणतंच. एडिट लॉग म्हणजे कोणती नोंद कधी बदलली याची सॉफ्टवेअरने ठेवलेली यादी. मागच्या तारखेची नोंद हवी असते, एखादं बिल मागे सरकवायचं असतं. कंपन्यांना तर हे बंदच झालं. 1 एप्रिल 2023 ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी कंपनीने असंच सॉफ्टवेअर वापरायचं ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. आणि तसं आहे की नाही ते ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. हा नियम आधी 2021 पासून होता, दोनदा पुढे ढकलला. दुकानदार म्हणतात, आम्ही कुठे कंपनी? बरोबर, पण जीएसटीचा नियम 56 वाचा. कोणतीही नोंद खोडायची, पुसायची किंवा तिच्यावर लिहायची नाही. लिहिण्यातली किरकोळ चूक सोडली तर चुकीची नोंद सहीनिशी रेघ मारून रद्द करायची आणि मग बरोबर लिहायची. आणि हिशेब कॉम्प्युटरवर असेल तर बदललेल्या व काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा लॉग ठेवायचा. हा नियम 2017 पासून आहे आणि तो रावपुऱ्यातल्या चहावाल्यापासून मोठ्या कारखान्यापर्यंत, ज्याला ज्याला हिशेब ठेवायचा आहे त्या प्रत्येक नोंदणीकृत माणसाला लागू आहे.

मला यात नवीन काही वाटलं नाही, त्याचं कारण माझे वडील. ते मांडवीतल्या एका पेढीवर दिवाणजी होते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज मी त्यांच्याशेजारी बसून शिकले. आकडा चुकला की मी बोटाला थुंकी लावून घासायची. ते हात धरायचे. एकच रेघ मार, बाजूला आपलं अक्षर घाल, खाली बरोबर आकडा लिही. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, नाहीतर शेठला वाटेल तू काहीतरी झाकलंस. काकांच्या नोटिशीत मला एडिट लॉगचा उपयोगच झाला असता, लॉग शिल्लक असता तर. राजकोटच्या एका बिलाची रक्कम आम्ही मे महिन्यात बदलली होती ती क्रेडिट नोट (विक्रेत्याने रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) आल्यामुळे, हे त्यात तारखेसह होतं. ते आता मला पत्रव्यवहार जोडून सांगावं लागलं.

कोर्टाचं एका परिच्छेदात आवरते, कारण तो वकिलांचा प्रांत. उधारी वसूल करायला लेजरची प्रिंट घेऊन गेलं की काम होतं, असा एक गोड समज आहे. कॉम्प्युटरमधून काढलेल्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, हे सुप्रीम कोर्टाने जुलै 2020 मध्ये पक्कं केलं, तेही आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम 63 च्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल जरा बदलली तरी बदलणारा तिचा संगणकीय ठसा, लिहायची. शिवाय हिशेबवहीतली नोंद एकटी कोणावर देणं लादायला पुरेशी नाही, हे तर जुन्या कायद्यापासून चालत आलं आहे. बिल, डिलिव्हरी चलन, ईमेल, सगळं सोबत हवं.

मकरपुऱ्याच्या कंपनीत साहेबांच्या भाच्याने बॅकअप एका फुकटच्या ड्राइव्हवर टाकला होता, स्वतःच्या खासगी खात्यावर. ऑगस्ट 2022 पासून कंपनीच्या हिशेबांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातच असलेल्या सर्व्हरवर हवा. आधी 'ठरावीक काळाने' असं होतं. फुकटच्या ड्राइव्हचा सर्व्हर कुठल्या देशात, ते भाच्यालाही सांगता येईना. कंपनी कायद्यातल्या हिशेबवह्यांच्या कलमात 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत दंड आहे असं मी साहेबांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी व्यवस्था झाली.

काकांकडे आता दोन डिस्क आहेत. सोमवारी एक, गुरुवारी दुसरी, आळीपाळीने कारेलीबागेत बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जाते. शिवाय एक प्रत ऑनलाइन. दर तीन महिन्यांनी मी त्यातली एक माझ्या कॉम्प्युटरवर उघडून बघते. पहिल्याच वेळी कळलं, काकांच्या तीन खात्यांपैकी दोनांचाच बॅकअप येत होता. वर्षभर हिरवी खूण दिसत होती.

आता तो दिवाळीचा प्रश्न. "काढून टाकू का?" जीएसटीचं कलम 36 म्हणतं, त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून 72 महिने जपा. सोपं वाटतं. पण नियत तारखा कोणत्या? 2017-18 चं विवरणपत्र मुदतवाढी घेत घेत फेब्रुवारी 2020 वर गेलं, तेही राज्याराज्यांत वेगळं: गुजरातला 5 तारीख, महाराष्ट्राला 7. म्हणजे त्या वर्षाचे 72 महिने बडोद्यात 5 फेब्रुवारी 2026 ला भरतात आणि नाशिकला माझ्या मामेभावाच्या दुकानात दोन दिवसांनी. 2018-19 ची तारीख होती 31 डिसेंबर 2020, 2019-20 ची 31 मार्च 2021, 2020-21 ची 28 फेब्रुवारी 2022. मग 2018-19 चं दप्तर डिसेंबर 2026 पर्यंत आणि त्यानंतरच्या वर्षाचं जेमतेम तीन महिने पुढे. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा शेवटचा निकाल लागल्यानंतर एक वर्ष, किंवा हे 72 महिने, यांत जे नंतर येईल ते. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला वार्षिक विवरणपत्रातून सूट मिळत आली आहे. ते म्हणतात, आमचं विवरणपत्रच नाही तर 72 महिने कसले? कलमात 'भरल्यापासून' नाही, 'नियत तारखेपासून' आहे, म्हणून त्यांनाही मी हीच तारीख लावते.

आणि हे फक्त जीएसटीचं झालं. एकच वर्ष घ्या, 2020-21. दुकानदाराला 28 फेब्रुवारी 2028. दंतवैद्यांना 1962 च्या आयकर नियमांतल्या 6एफ प्रमाणे आकारणी वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष) संपल्यापासून सहा वर्षं, म्हणजे 31 मार्च 2028. कंपनीला कंपनी कायद्याच्या कलम 128 प्रमाणे मागची आठ आर्थिक वर्षं, म्हणजे 31 मार्च 2029 पर्यंत. मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलाय, तरी मला चष्मा लावून दोनदा बघावं लागतं. दुकानदाराने काय करावं? तो व्हॉट्सॲपवर आलेलं 'सहा वर्षं झाली की फेकून द्या' वाचतो आणि रद्दीवाल्याला हाक मारतो.

म्हणून माझी मागणी एवढीच. वार्षिक विवरणपत्र भरलं की पोर्टल पावती देतं. त्या पावतीवर एक ओळ छापा: 'या वर्षाच्या नोंदी अमुक तारखेपर्यंत जपाव्यात.' ज्यांना सूट आहे त्यांच्या लॉगिनवर ती तारीख दिसू द्या. मुदतवाढ सरकारच देतं, म्हणजे तारीख सरकारला ठाऊक असते. अपील पोर्टलवरूनच दाखल होतं, म्हणजे ते चालू आहे हेही पोर्टलला ठाऊक असतं. तारीख आपोआप पुढे सरकवता येईल. दुधाच्या पिशवीवर तारीख छापता येते. आणि ही ओळ गुजरातेत गुजरातीतून, महाराष्ट्रात मराठीतून असावी. आपल्या पत्राने हा विषय जीएसटी परिषदेपर्यंत न्यावा आणि महाराष्ट्रातल्या व्यापारी संघटनांनीही तो उचलावा, अशी विनंती आहे.

पत्र छापल्यास नाव देऊ नये. अकोट्यातले काका लगेच ओळखू येतील आणि त्यांच्या आधी त्यांची बहीण मला फोन करेल.

आपली,
नामां लिहिणारी एक वाचक
बाबाजीपुरा, वडोदरा

ता. क. 2017-18 चे गठ्ठे काढायला घेण्याआधी त्या वर्षाचं एखादं अपील कुठे पडून आहे का, ते वकिलांना विचारा. माझ्या आठांतल्या एका दुकानदाराचं निघालं. गठ्ठा टेम्पोत चढला होता, तो परत उतरवला.